७८ च्या तबकड्या: बंदिश कुणाची, पट्टी कुठली?

शीवकर
मंडळी, बंदिशी बांधणाऱ्यांची यादी करू या. पुस्तकातून नव्हे, ध्वनिमुद्रणांतून. मुंबईत राहिलेले, इथे शिकवलेले, आणि ज्यांच्या चिजा सगळे गातात पण नाव कुणी घेत नाही, असे वाग्गेयकार आधी घेऊ.

अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या लेबलवर गायकाचं नाव असतं, राग असतो, फार तर 'ख्याल' किंवा 'ठुमरी' एवढं छापलेलं. रचनाकार नाही. तो सापडतो अंतऱ्यातल्या, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागातल्या, मुद्रेत. मुद्रा म्हणजे रचनाकाराने चिजेत गुंफलेलं टोपणनाव. आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं, बारा इंचीला साडेचारच्या आसपास. तेवढ्यात आलाप, बोल, ताना सगळं बसवायचं म्हटल्यावर पहिली कात्री अंतऱ्याला. कधी एकदाच घाईत म्हणून टाकतात, कधी म्हणतच नाहीत. अंतरा गेला की रचनाकार गेला.

नोंद करताना एवढं लिहा: गायक, राग, मुखड्याचे पहिले दोन-तीन शब्द, अंतरा पूर्ण आहे की अर्धा, मुद्रा कितव्या मिनिटाला ऐकू येते आणि तुमच्याकडे सा कुठल्या पट्टीत, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर, लागतो. 'व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलंय' हा पुरावा धरणार नाही.

सुरुवात मीच करतो. जगन्नाथबुवा पुरोहित, मुद्रा 'गुनिदास', १९०४ ते १९६८. जोगकंस त्यांचा. 'पीर पराई जाने नहीं' ही द्रुत चीज आज कुठल्याही घराण्याचा गायक म्हणतो, पण किती कव्हरांवर बुवांचं नाव आहे ते तपासून बघा. स्वानंदी हाही राग त्यांचाच. शिष्य राम मराठे, माणिक वर्मा, जितेंद्र अभिषेकी, सी. आर. व्यास, यशवंतबुवा जोशी. म्हणजे बुवांच्या चिजांचा माग शिष्यांच्या ध्वनिमुद्रणांतूनच काढावा लागणार.

भेंडीबाजार_प्रेमी
माझ्याकडून अमान अली खाँ. मुद्रा 'अमर'. १९५३ साली गेले. भेंडीबाजार घराण्याचे छज्जू खाँ त्यांचे वडील. हंसध्वनीतली 'जय माते विलंब तज दे' त्यांची आणि 'लागी लगन सखी पती संग' हीही त्यांचीच. पहिली अमीर खाँसाहेबांच्या एलपीमुळे सगळीकडे पोचली आणि तीच पंचाईत झाली. लोक ती अमीर खाँची रचना समजतात. खाँसाहेबांनी स्वतः केलेल्या चिजा नि तराणे आहेत, त्यांची मुद्रा 'सुररंग'. दोन्ही एका टोपलीत टाकू नका.

अमान अलींच्या चिजांची एक खूण सांगतो. शब्द स्वरांच्या वजनानेच बसवलेले असतात, सरगमेच्या ठेक्यावर अक्षरं चालतात. बंदिश सरगम करून म्हणा, काहीही ओढाताण होत नाही. कर्नाटक पद्धतीच्या रागांची ओढ त्यांच्यात होती, हंसध्वनी हे त्यातलं ठळक उदाहरण.

आडाचौताल
'अमर'बद्दल जपून. तो साधा शब्दही आहे. 'सुजन', 'चतुर', 'गुनिजन' यांचंही तेच. शब्द ऐकू आला की मुद्रा सापडली असं होत नाही.

माझी कसोटी अशी: तो शब्द ओळीतून काढा आणि उरलेल्या ओळीचा अर्थ लागतो का बघा. मुद्रा बहुतेकदा संबोधनासारखी बाजूला उभी असते, ती काढली तरी वाक्य लंगडं होत नाही. शब्द काढल्यावर कर्ता किंवा विशेषणच नाहीसं होत असेल तर ती मुद्रा नसण्याचीच शक्यता जास्त. 'पिया'वाल्या मुद्रांत ही कसोटी मार खाते, कारण तिथे मुद्राच प्रियकर म्हणून वाक्यात काम करते. त्यावर सविस्तर नंतर लिहितो.

लाखबंद
मुद्रा नंतर. आधी तबकडी बरोबर वेगाने फिरतेय का ते बघा. शीवकरांनी पट्टी लिहा म्हटलंय, पण निम्म्या लोकांची पट्टी चुकीची येणार.

'७८' हा आकडा पुढे ठरला. त्याआधीच्या, भोंग्यात गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्या ७० पासून ८२ पर्यंत कुठल्याही वेगाच्या निघतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ७७ रेघांच्या स्ट्रोब चकतीवर (दिव्याच्या उजेडात वेग तपासायची चकती) स्थिर दिसणारा वेग ७७.९२ येतो. ६० हर्ट्झच्या देशांत ९२ रेघांवर ७८.२६. हा फरक नगण्य आहे, त्यावर भांडू नका. भांडायचं तर चार-पाच फेऱ्यांवर भांडा. ७८ ऐवजी ७३.६ ने फिरवली की सा बरोबर अर्धा स्वर खाली जातो, काळी एकची पांढरी एक होते. शिवाय लय सहा टक्क्यांनी उतरते.

एका फेऱ्याचा फरक म्हणजे साधारण २२ सेंट, अर्ध्या स्वराचे शंभर सेंट. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींतलं सगळ्यात लहान अंतर, तीही तेवढीच, साडेएकवीस. म्हणून कुणीतरी हमखास म्हणतं की वेग चुकला तर श्रुतींचा हिशेब चुकतो. नाही चुकत. सा सुद्धा तेवढाच सरकतो, अंतरं तशीच राहतात. चुकतो तो गळ्याचा पोत आणि लय.

साथीला हार्मोनियम असेल तर काम सोपं. सा जर काळी एक आणि पांढरी दोनच्या बरोबर मध्ये येत असेल तर वेग नक्की चुकलाय, कारण पेटीत मधला स्वर नाही. मग दोन शक्यता उरतात: ७५.८ केलं तर काळी एक, ८०.३ केलं तर पांढरी दोन. दोन्ही ऐका. ताना कुठे यंत्रासारख्या धावतात, 'आ' कुठे पातळ होतो, ते कान सांगतो. अगदी जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचं नाव उच्चारतात, १९०२ मधल्या गौहरजानच्या मुद्रणांपासूनच. तो बोलण्याचा आवाज सगळ्यात चांगला पुरावा, कारण गाण्याचा आवाज फसवतो, बोलण्याचा सहसा नाही.

आणि हो, सुरुवातीचा सा नि शेवटचा सा दोन्ही मोजा. मुद्रणयंत्रच मध्ये मंदावलेलं असेल तर पट्टी बाजू संपेपर्यंत सरकलेली दिसते.

हार्मोनियमवाली
लाखबंददादा, पेटीवर पूर्ण भरवसा नको. जुन्या पेट्यांचे सूर आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणालाच असतील असं नाही. फ्रेंच प्रमाण ४३५ होतं आणि तेवढ्यानेच २० सेंटचा फरक पडतो. पेटीवरून अर्ध्या स्वराचा निकाल लावता येतो, फेऱ्याच्या दशांशाचा नाही. कुणी ७६.४३ असं लिहिलेलं दिसलं की हसू येतं.

लाखबंद
मान्य. अर्ध्या फेऱ्याच्या खाली कुणी जाऊ नये.

नवशिका_बोरिवली
नमस्कार. माझ्या टर्नटेबलवर फक्त ३३ आणि ४५ आहे. चोर बाजारात घेतलेल्या सहा-सात ७८ आहेत. त्या वाजवता येतीलच ना? सुई तीच चालते का?

लाखबंद
सुई तीच अजिबात नको. एलपीची सुई ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची, ७८ ची खाच तिच्यासाठी दरी आहे. ती तळाशी जाऊन बसते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. ७८ ला ३ मिलची गोल टोकाची सुई लागते. तुमच्या कार्ट्रिजला (सुई ज्यात बसते तो भाग) ७८ ची वेगळी सुई मिळत असेल तर तेवढीच बदला, भार त्या सुईच्या कागदावर लिहिलेला ठेवा. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी पिनने शंभर ग्रॅमच्या वर भार देऊन वाजवलेल्या तबकड्यांच्या खाचा ठरावीक उंचीवर झिजलेल्या असतात. तिथे ३ मिल खरखरली तर २.३ किंवा ३.५ लावून बघा, टोक न झिजलेल्या भिंतीला टेकतं. कधी कधी वेगळीच तबकडी वाजल्यासारखं होतं.

वेगाचं: ४५ वर मुद्रित करा आणि संगणकात वेग ७३.३३ टक्के वाढवा. ३३ वर केलंत तर १३४ टक्के. तडा गेलेल्या किंवा वाकलेल्या तबकडीला हे उलट बरंच, सुई उडत नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट घ्या, शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खरवडीचे ठोके गाण्यापेक्षा मोठे असतात.

आता जिथे सगळे चुकतात ते. तुमचा फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणारा भाग, आरआयएए वक्र लावतो, म्हणजे ठरलेल्या मापाने खर्ज उचलतो आणि वरचे सूर कापतो. तो एलपीसाठी १९५४ च्या सुमारास रूढ झाला, तुमच्या तबकड्या त्याआधीच्या. त्यात १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल कापले जातात, म्हणून तंबोरा ऐकू येत नाही आणि लोक म्हणतात 'जुनी रेकॉर्ड, बोथटच असणार'. आधी उलटा आरआयएए लावा, वेग वाढवायच्या आधी. प्रीअँपने वक्र मंद वेगाला लावलाय, तो मंद वेगालाच काढावा लागतो. मग वेग वाढवा. मग विजेवर मुद्रित झालेल्या एचएमव्हीच्या तबकडीला २५० हर्ट्झच्या खाली खर्ज उचला, वरच्या बाजूला काही करू नका. भोंग्यातल्या तबकडीला काहीच वक्र नको. क्रम उलटा केलात की मधल्या पट्ट्यात फुगवटा येतो आणि गायक नाकातून गातोय असं वाटतं.

स्टिरिओतच घ्या. खाचेची डावी-उजवी भिंत वेगवेगळी ऐका, एक बरेचदा स्वच्छ असते. दोन्ही सारख्या असतील तर बेरीज करून मोनो करा, वरखाली हलण्याचा आवाज तिथे बराच रद्द होतो.

मुर्की
यात तबकडीच्या मधल्या भोकाचं राहिलं. मला वाटतं वेगापेक्षा तो मोठा घोळ आहे.

भोक मध्यातून एक मिलिमीटर जरी सरकलेलं असेल तर बाहेरच्या खाचेवर सूर ±१४ सेंट डोलतो, आतल्या खाचेपर्यंत जाताना ±२९. म्हणजे टोकापासून टोकापर्यंत पाव स्वराच्याही वर. दरबारीच्या गंधाराचं आंदोलन मोजायला बसलेले लोक कित्येकदा भोकाचं आंदोलन मोजत असतात! ओळखायची खूण सोपी आहे. ७८ ला एक फेरा ०.७७ सेकंदांचा. हेलकावा बरोबर तेवढ्याच अंतराने येत असेल, पेटीच्या सुरावरही येत असेल आणि बाजू संपत आली तसा वाढत असेल, तर तो गायकाचा नाही. डोळ्यांनीही दिसतं, सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलतो.

उपाय म्हणून भोक कानशीने मोठं करणारे आहेत. दुर्मीळ तबकडीला हात लावू नका. खाली रबराच्या दोन चटया घालून तबकडी मधल्या खुंटाच्या टोकापेक्षा वर आणा, म्हणजे ती मोकळी होते. मग दांडा झुलणं थांबेपर्यंत बोटाने अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवा. दांड्याची उंची तेवढीच वाढवायला विसरू नका, नाहीतर सुई उताणी पडते.

आडाचौताल
वा. हे वाचून श्रुतींवरच्या दोन-तीन जुन्या वादांचा निकाल लागायला हरकत नाही. असो, कबूल केलेलं 'पिया' प्रकरण.

'प्राणपिया' म्हणजे आग्र्याचे विलायत हुसेन खाँ, जोगमधली 'पिहरवा को बिरमाये' त्यांची. 'सजनपिया' खादिम हुसेन खाँ, मुंबईत पिढ्या घडवल्या. 'प्रेमपिया' फैयाज खाँ. 'दरसपिया' अत्रौलीचे महबूब खाँ, म्हणजे फैयाज खाँचे सासरे. 'विनोदपिया' तसद्दुक हुसेन खाँ. ही सगळी मंडळी एकाच गोतावळ्यातली, एकमेकांच्या चिजा गाणारी, त्यामुळे गायकावरून रचनाकार ठरवायला गेलात की फसलात. जयजयवंतीतली 'मोरे मंदर अब लों नहीं आये' घ्या. फैयाज खाँनी गायलीय आणि अंतऱ्यात 'प्रेमपिया' येतं. इथे गायक तोच रचनाकार, पण हे अंतऱ्याने सिद्ध होतं, लेबलने नाही.

खरवडीत 'प्राणपिया' आणि 'प्रेमपिया' सारखेच ऐकू येतात. 'रा' नि 'रे' यांचा भेद करणारी कंपनंच आधीच्या तबकड्यांवर अर्धी उतरलेली असतात. तो तुकडा वेग ७० टक्के करून, सूर न बदलता ऐका. आणि ध्वनी साफ करायच्या आधी ऐका.

हार्मोनियमवाली
साफसफाईवरून माझा जुनाच राग. आवाज कमी करायचं बटण १५-२० डेसिबलवर ठेवून चढवलेल्या फायली ऐकवत नाहीत, गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं. व्यंजनं जातात, तंबोरा जातो, सारंगीची घासच जाते. ठोके काढा, तेही वक्र लावायच्या आधी. सरसर काढायचीच असेल तर ६ डेसिबलच्या पुढे जाऊ नका आणि मूळ फाईल बाजूला ठेवा.

भेंडीबाजार_प्रेमी
पण ताई, नव्या श्रोत्याला तेवढी सरसर सहन होत नाही. सवय नसते.

हार्मोनियमवाली
लोकलमध्ये फोनवर गाणी ऐकणाऱ्या माणसाला सरसरीची सवय नाही म्हणता? दोन मिनिटांत कान तिच्या पलीकडे जातो. गेलेला तंबोरा मात्र परत येत नाही.

शीवकर
यादीकडे. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, 'सुजन'. मुंबईत जन्म, लखनौत हयात, १९७४ मध्ये गेले. बंदिशी 'अभिनव गीतमंजरी'त छापलेल्या आहेत, म्हणून पडताळा घेता येतो. ऐकायच्या तर कृ. गुं. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी यांच्याकडून. गिंडे आमच्या शिवेच्या वल्लभ संगीतालयातले. कायकिणी स्वतः 'दिनरंग'. भातखंड्यांच्या मुद्रा दोन, 'चतुर' आणि 'हररंग'. रागाची लक्षणं सांगणाऱ्या लक्षणगीतांत 'चतुर' बहुतेक भेटतो. वाळकेश्वरला जन्मलेल्या या माणसाला आपण संग्राहक म्हणूनच ओळखतो, रचनाकार म्हणून नाही, हे मला पटत नाही.

सी. आर. व्यासांची मुद्रा 'गुनिजान'. गुरू 'गुनिदास', शिष्य 'गुनिजान', आणि 'गुनिजन' हा साधा शब्द. आडाचौताल, तुमची कसोटी इथे लावा आणि सांगा.

आडाचौताल
लावली. 'गुनिजन' बहुतेक अनेकवचनी क्रियापद घेऊन येतो, मुद्रा एकवचनी किंवा क्रियापदाविना. 'जान' नि 'जन' यांतला आकार दीर्घ आहे का, हे मात्र तालात मोजावं लागतं, कारण गाताना 'जन'सुद्धा ओढतात.

मुर्की
ज्यांची तबकडीच नाही त्यांचं काय? अल्लादिया खाँ १९४६ मध्ये मुंबईत गेले, एकही ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, तेच. खाँसाहेबांच्या चिजा त्यांच्या शिष्या केसरबाई, मोगूबाईंच्या मुद्रणांत शोधाव्या लागतात. भास्करबुवांच्या चाली तर नाट्यपदांत आहेत. 'स्वयंवर'चं संगीत त्यांचं, १९१६. बालगंधर्वांच्या त्या तबकड्या आपण गंधर्वांसाठी ऐकतो, एकदा बुवांसाठी ऐकून बघा. मूळ चीज कुठली असेल याचा अंदाज बांधत बसण्यात संध्याकाळ जाते.

मल्लिकार्जुन मन्सूरांचाही उलटा प्रकार. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत ग्वाल्हेरी तालीम आहे, जयपूर नाही. घराण्याचं लेबल लावून चिजांचा उगम ठरवणाऱ्यांनी त्या आधी ऐकाव्यात.

नवशिका_बोरिवली
उलटा आरआयएए लावला. तंबोरा खरंच आला! पण दोन तबकड्यांवर पांढरी बुरशी आहे. पुसायला स्पिरिट चालेल?

लाखबंद
स्पिरिट नाही!! तबकडी लाखेची, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश कसं करतात आठवा.

डिस्टिल्ड पाणी अर्धा लिटर, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, बस. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवं घासू नका. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. नळाचं पाणी शेवटी नको, क्षार खाचेत वाळतात आणि तेच पुढे टिकटिकतात. बुरशी लाख कमी खाते, लेबलचा कागद नि पाकीट जास्त. जुनी पाकिटं टाकून द्या, नाव-क्रमांक लिहिलेले असतील तर आधी फोटो काढा. पावसाळाभर तबकड्या उभ्या, भिंतीपासून चार बोटं दूर, सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदलून. आडवी चळत लावली की खालच्या तडकतात.

नवशिका_बोरिवली
धुताना एका लेबलवर पाणी गेलंच. रंग सुटतोय.

लाखबंद
पुसू नका. टीपकागद अलगद टेकवा, दाबू नका. मग तबकडी भांड्यांच्या जाळीत उभी करून पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही. उन्हात अर्ध्या तासात पापड होईल. लेबल पूर्ण वाळेपर्यंत त्यावर बोट लावायचं नाही. क्रमांक लेबलखेरीज मधल्या कोऱ्या पट्टीवरही कोरलेला असतो, तिरक्या उजेडात दिसेल. तो लिहून काढा आणि इथे टाका.